पेन्सिलीएवढी धार

जानेवारीच्या सतरा तारखेला दंव
जमिनीत साडेपाच फूट उतरलं.
आमच्या वाहिन्या सहा फुटांवर.
म्हणून पिवळ्या चिठ्ठ्या गेल्या
दोनशे बारा घरांना:
स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ
पेन्सिलीएवढ्या धारेनं सोडून ठेवा,
रात्रंदिवस, एप्रिलपर्यंत.
बिल गेल्या हिवाळ्याइतकंच येईल.
खाली सही माझी. लेम्पी हार्यू,
पाणी आणि मलनिःसारण विभाग.

विभाग म्हणजे आम्ही तिघं:
मी, ट्रकवर रॉडी,
आणि खिडकीत डोरीन,
जिला अख्ख्या गावाची थकबाकी तोंडपाठ
आणि जी चर्चच्या कॉफीलासुद्धा
त्यातलं अक्षर काढत नाही.

कुठं पाणी मुरतंय ते ओळखणं
ही माझी नोकरी. शब्दशः.
रात्री दोनला, गाव गप्प झालं की
व्हॉल्व्हवर लोखंडी कांब टेकवायची,
दुसरं टोक कानाला.
धड वाहिनी काही बोलत नाही.
फुटलेली, दाराआडून कुणी श्श म्हणावं तशी.
बावीस वर्षांत कानाची पाळी
दोनदा सोलून निघाली.

तर त्या आठवड्यात
डोरीनच्या पडद्यावर सगळ्या घरांचे आकडे
थोडे थोडे पुढं सरकत होते,
आणि टॅमरॅक स्ट्रीट, नऊ नंबर,
मंगळवारी रात्री थांबला.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा एकटा माणूस.
अशा वेळी मनात काय येतं
ते आम्ही ट्रकमध्ये बोलत नाही.
रॉडीनं रेडिओ बंद केला, एवढंच.

दार आर्व्हो किनुनेननंच उघडलं.
पायात लोकरी मोजे, हातात कप.
"मीच बंद केला," म्हणाला.
"झोप लागेना. पाणी चाललंय, चाललंय,
आणि कुणी पीत नाही."

मग तळ्याचं सांगत बसला:
कुऱ्हाडीनं बर्फाला भोक, दोन बादल्या, पाऊण मैल.
त्यात आई आधी भांडी घासायची,
त्याच पाण्यात मोजे,
उरलेलं सॉनाच्या पायरीवर.
सांडलं तर मार नव्हता.
परत जायचं होतं.

तळघरातली नळी तोवर गोठलेली.
गरम पाण्याची बारीक रबरी नळी
इंच इंच आत सारत
चार तास गेले आमचे.
त्याला मी रागवायला हवं होतं.

त्याऐवजी कोट चढवायला लावला,
कोपऱ्यावर नेलं.
सगळा रस्ता पांढरा, आणि मधोमध
मॅनहोलचं झाकण काळं, ओलं, वाफाळतं:
आमच्या गावाच्या अंघोळी, उकडलेले बटाटे,
धुतलेले डायपर
खालून उतारानं प्लँटकडं निघालेले.
(तिथं या दिवसांत पाणी दुप्पट येतं, गार येतं,
माझे जिवाणू सुस्तावतात,
त्यांची मला काळजी.
हे त्याला सांगितलं नाही.)

म्हटलं, "तुमचं घर गल्लीच्या टोकाला.
तुमची धार चालू, तर अलीकडच्या
अकरा घरांखालचं पाणी हलतं राहतं.
तुम्ही बंद केलीत
की ते उभ्या उभ्या झोपतं.
आणि झोपलं की गोठतं."

बराच वेळ झाकणाकडं बघत राहिला.
"म्हणजे बादली मीच ओढतोय," म्हणाला,
"पडल्या पडल्या."
मग थोड्या वेळानं: "पगार?"
"बिल गेल्या हिवाळ्याइतकंच."

शुक्रवारी मीटर तपासायला गेले
तर नळाला त्यानं लोकरीचा धागा बांधलेला,
निळा, सिंकच्या भोकापर्यंत सोडलेला,
धार त्याला धरून
आवाज न करता खाली जात होती.

अकरा घरांतल्या कुणालाच हे माहीत नाही.
त्यातल्या एकीनं काल फोन करून
पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून
डोरीनला चांगलं झापलं.